शिक्षक ते पंतप्रधान : सुदानच्या इस्माइल अल्-अझहरींवर पंचवीस मिनिटं बोलायचंय, काय घ्यावं?

रावपुरा_वाचक

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर 'वर्गातून राजकारणात' अशी व्याख्यानं चालू आहेत. पहिलं अरविंद घोषांवर झालं. बडोदा कॉलेजात शिकवणारा माणूस १९०६ साली इथून बंगालच्या राजकारणात उतरतो, आणि तो राहायचा ते घर आपल्या दांडिया बाजारात आहे, त्यामुळे श्रोत्यांना फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढचं व्याख्यान अरब जगातल्या शिक्षकावर ठरलंय आणि माझ्या वाट्याला सुदानचे पहिले पंतप्रधान इस्माइल अल्-अझहरी आलेत. पंचवीस मिनिटं बोलायचं, पुढे दहा मिनिटं प्रश्न. श्रोते बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकेतली मंडळी. वाचणारी आहेत, पण सुदान म्हटलं की अलीकडच्या लढाईपलीकडे फारसं ठाऊक नाही.

अडलंय ते असं. त्यांचं शिक्षक असणं नुसतं परिचयापुरतं सांगायचं, की पुढच्या राजकारणाशी त्याचा खरंच धागा लागतो? इजिप्तशी एकी करू म्हणून निवडून आले आणि दोन वर्षांत स्वातंत्र्य जाहीर केलं, हे कोलांटउडी न वाटता कसं मांडावं? आणि नावं मराठीत कशी लिहावीत, कशी उच्चारावीत?

सुरसागर_काठ

धागा लागतो आणि तो पक्का आहे. पंचवीसातली निदान आठ मिनिटं वर्गासाठीच ठेवा.

आधी एक गैरसमज दूर करा, नाहीतर पहिलाच प्रश्न त्यावर येईल. 'अझहरी' आडनावावरून लोक धरून चालतात की हे कैरोच्या अल्-अझहरमध्ये शिकलेले मौलवी. तसं नाही. घराण्यातले पूर्वज तिथे शिकले म्हणून ते नाव लागलं, आजोबा सुदानचे मुफ्ती होते. हे स्वतः मात्र गणिताचे मास्तर. जन्म ओमदुरमानचा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. शिक्षण खार्टूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजात, त्यानंतर सरकारी शाळांत नोकरी. १९२७ साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात गेले आणि १९३० मध्ये परत येऊन गॉर्डन कॉलेजातच गणित शिकवू लागले.

आता हे कॉलेज म्हणजे काय, ते नीट सांगा. १९०२ साली इंग्रजांनी ते उघडलं ते राज्यकारभाराला लागणारे कारकून, हिशेबनीस, शिक्षक आणि काझी तयार करायला. सुदानवर १८९९ पासून कागदोपत्री ब्रिटन आणि इजिप्त दोघांचं राज्य होतं, प्रत्यक्षात गव्हर्नर-जनरल इंग्रज. १९२४ च्या उठावानंतर इंग्रजांचा शिकलेल्या सुदानींवरचा विश्वास उडाला, लष्करी शाळा बंद झाली आणि कारभार टोळ्यांच्या शेखांकडे सोपवायचं धोरण आलं. म्हणजे शिकवायचं, पण शिकलेल्याला वर येऊ द्यायचं नाही. १९३१ साली मंदीत सरकारने गॉर्डन कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यांचा सुरुवातीचा पगार महिना ८ इजिप्शियन पौंडांवरून साडेपाचवर आणला. मुलांनी संप केला, शेवटी साडेसहावर तडजोड झाली. हे तीन आकडे फळ्यावर लिहा. निवृत्त शिक्षकांना वेतनश्रेणीची गोष्ट जितकी चटकन कळते तितकं दुसरं काही कळत नाही, आणि सुदानच्या राजकारणाची मुळं तिथेच आहेत.

अझहरींनी त्याच कॉलेजात मुलांचं वादविवाद मंडळ चालवलं. सभा कशी बोलवायची, ठराव कोण मांडणार, अनुमोदन, दुरुस्ती, मतदान हे सगळं तिथे मुलांच्या अंगवळणी पडत होतं. ज्या देशात निवडून आलेली एकही सभा नव्हती त्या देशात गणिताचा मास्तर सभेचं व्याकरण शिकवतोय. पुढे १९५५ साली त्यांनी जे केलं त्याची चावी मला इथे दिसते.

मग फेब्रुवारी १९३८, पदवीधरांची महासभा, इंग्रजीत 'ग्रॅज्युएट्स काँग्रेस'. इथे भाषांतराचा सापळा आहे. अरबीतला 'खिर्रीज' म्हणजे आपला बी.ए., एम.ए. नव्हे. गॉर्डन कॉलेज किंवा त्याखालच्या माध्यमिक शाळा पार केलेला कोणीही त्यात धरला जायचा. म्हणून 'पदवीधर' म्हणण्यापेक्षा 'शिकून बाहेर पडलेले' म्हणा. 'काँग्रेस' हे नाव आपल्या राष्ट्रसभेवरून सुचलेलं. अझहरी तिचे पहिले चिटणीस. सुरुवातीची कामंही शाळेचीच : 'शिक्षण दिन' ठरवून वर्गणी गोळा करायची आणि सरकारची वाट न बघता लोकांच्या पैशातून शाळा उघडायच्या. श्रोत्यांना तळेगावचा पैसा फंड आठवून द्या, वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

एप्रिल १९४२ मध्ये महासभेने बारा मागण्यांचं निवेदन दिलं. पहिली मागणी महायुद्ध संपताच स्वयंनिर्णयाची. मुख्य सचिव डग्लस न्यूबोल्डने ते परतच पाठवलं. तुम्ही राजकारणात पडू नका, असा त्याचा अर्थ. त्यावरून दोन तट पडले. एक म्हणे इंग्रजांशी बोलत राहू. दुसरा अझहरींचा, त्यातून १९४३ साली 'अशिग्गा' म्हणजे 'सख्खे भाऊ' हा पक्ष निघाला. इंग्रजांना हलवायचं तर इजिप्तचा हात धरायचा, हा त्यांचा हिशेब.

फतेगंज_मास्तर

सुरसागर यांनी पाया छान घातलाय. मी कोलांटउडीचं बघतो. ती कोलांटउडी का नाही हे तारखा आणि संख्या ओळीने ठेवल्या की आपोआप कळतं, फक्त क्रम चुकवू नका.

१२ फेब्रुवारी १९५३ ला ब्रिटन आणि इजिप्तमध्ये करार झाला. सुदानला जास्तीत जास्त तीन वर्षांचा संक्रमणकाळ, त्यात निवडणूक, मग नोकऱ्यांचं सुदानीकरण, मग परकी सैन्य बाहेर, आणि शेवटी सुदानींनी ठरवायचं : इजिप्तशी जोडायचं की वेगळं राहायचं. म्हणजे 'वेगळं' हा पर्याय पहिल्या दिवसापासून करारातच होता, आणि तिथे पोचायच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या.

निवडणूक १९५३ च्या अखेरीस झाली. ती घेणाऱ्या सात जणांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. हे ठळक सांगाच. सेन स्वतः गणिताचे सुवर्णपदक विजेते, आणि ज्यांचं सरकार या निवडणुकीतून आलं ते गणिताचे शिक्षक. लोकप्रतिनिधी सभेच्या ९७ जागा. त्यातल्या ३५ ठिकाणी थेट मतदान आणि ५७ ठिकाणी अप्रत्यक्ष, म्हणजे लोकांनी आधी निवडणारे निवडायचे आणि त्यांनी सदस्य. उरलेल्या ५ जागा शिकलेल्यांच्या खास मतदारसंघाच्या. ५७ अप्रत्यक्ष का, असं कोणी विचारेल. भटक्या टोळ्यांचा आणि दूरच्या दक्षिणेचा प्रदेश, निरक्षरता प्रचंड, याद्या करायला माणसं नाहीत. आयोगाने थेट मतदानाच्या जागा मूळ आराखड्यापेक्षा वाढवल्या होत्या, तरी इतक्याच झाल्या.

अझहरींच्या राष्ट्रीय ऐक्य पक्षाला ५१ जागा, उम्मा पक्षाला २२. या ५१ च्या पोटात काय होतं ते बघा. १९५२ साली कैरोत इजिप्तचे तेव्हाचे राज्यकर्ते जनरल नगीब यांच्या पुढाकाराने अशिग्गा धरून बरेच छोटे गट एकत्र बांधून हा पक्ष केला होता. इजिप्तशी पूर्ण विलीनीकरण हवं असलेले त्यात थोडे. बाकीच्यांना इजिप्त हवा होता तो इंग्रजांना घालवण्यापुरता आणि उम्माच्या मागे असलेले सय्यद अब्द अल्-रहमान अल्-महदी राजे होऊन बसू नयेत यासाठी. अझहरींच्या मागे दुसरे सय्यद, खत्मिया पंथाचे अली अल्-मीरघनी. दोन सय्यद आणि त्यांचे अनुयायी हे न सांगता सुदानचा एकही पक्ष समजत नाही, तेव्हा दोन मिनिटं त्यांनाही द्या.

जानेवारी १९५४ मध्ये अझहरी पंतप्रधान झाले. १ मार्चला संसदेचं उद्घाटन होतं आणि नगीब पाहुणे. उम्माचे हजारो अन्सार, म्हणजे महदींचे अनुयायी, खार्टूममध्ये उतरले, एकीकरणाविरुद्ध दंगल उसळली, इंग्रज पोलीसप्रमुखासह अनेक माणसं मेली. उद्घाटन १० मार्चवर गेलं. त्या दिवशी कळलं की एकीकरण रेटलं तर यादवी होणार. मग नोव्हेंबर १९५४ मध्ये नगीबच सत्तेवरून गेले. नगीब खार्टूमचे, गॉर्डन कॉलेजात शिकलेले, सुदानींना आपले वाटणारे. त्यांच्या जागी आलेल्या नासर यांच्याबद्दल तसा लळा नव्हता.

आणि नाईलचं पाणी. १९२९ च्या करारात इजिप्तला वर्षाला ४८ अब्ज घनमीटर आणि सुदानला ४ अब्ज. आस्वानच्या नव्या धरणासाठी इजिप्तला सुदानची संमती लागणार होती, १९५४ मध्ये बोलणी झाली आणि फिसकटली. बडोद्याच्या श्रोत्यांना नर्मदा लवादाची १९७९ ची वाटणी तोंडपाठ असते : गुजरातला ९, मध्य प्रदेशला १८.२५ दशलक्ष एकर-फूट. तेवढं आठवून द्या आणि विचारा, तुमच्या वाट्याला ५२ मधले ४ येत असतील तर त्याच माणसाच्या घरात कायमचं राहायला जाल का? १९५९ च्या करारात सुदानचा वाटा १८.५ अब्ज झाला. स्वतंत्र होऊन बोलल्यामुळे झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शेवटची चाल, आणि इथेच मास्तर दिसतो. करारानुसार सार्वमत किंवा संविधान सभा व्हायची होती. १६ ऑगस्ट १९५५ ला संसदेने ठराव केला, परकी सैन्य ९० दिवसांत बाहेर. २९ ऑगस्टला सार्वमताचा ठराव. पण सार्वमताला परदेशी आयोग, याद्या, महिने लागणार, आणि दक्षिणेत तोवर बंडाची आग लागलेली. तेव्हा अझहरींनी मधल्या पायऱ्या गाळल्या. १९ डिसेंबर १९५५ ला संसदेतच चार ठराव मंजूर करून घेतले : स्वातंत्र्य, राष्ट्रप्रमुख म्हणून पाच जणांची परिषद, संविधान सभा, आणि दक्षिणेच्या तीन प्रांतांसाठी संघराज्याचा विचार. विरोधक उम्मा आधीपासून स्वातंत्र्याचाच, तो नाही म्हणणार कसा? ठराव बिनविरोध. ब्रिटन आणि इजिप्त दोघांनाही संसदेचं मत नाकारायला जागा उरली नाही.

१ जानेवारी १९५६ चा प्रसंग थोडा थांबून सांगा. दोन झेंडे खाली आले, ब्रिटनचा आणि इजिप्तचा, आणि ज्याचा त्याच्या प्रतिनिधीच्या हाती दिला गेला. निळा, पिवळा, हिरवा असा नवा झेंडा चढला : नाईल, वाळवंट, शेती. दोरी अझहरींनी एकट्याने ओढली नाही. विरोधी पक्षनेते मोहम्मद अहमद महजूब त्यांच्या जोडीने उभे होते. १९ डिसेंबर आणि १ जानेवारी या तारखांची गल्लत मात्र होऊ देऊ नका, लेखांमध्ये सर्रास होते.

मांडवी_ताई

वरचं सगळं बरोबर आहे, पण एवढंच सांगितलंत तर ते व्याख्यान अपुरं राहील. दक्षिणेला किमान पाच मिनिटं द्यावीच लागतील, आणि अझहरींना त्यात सूट देऊ नये असं मला वाटतं.

सुदानीकरणात सुमारे ८०० पदं इंग्रज आणि इजिप्शियन अधिकाऱ्यांकडून सुदानींकडे आली. त्यातली दक्षिणेतल्या माणसांना किती? सहा. निवडणुकीत तिथे दिलेली आश्वासनं वेगळीच होती. निकष काय लावला, तर शिक्षण, सेवाज्येष्ठता, अनुभव. कागदावर अगदी न्याय्य. पण दक्षिणेतल्या शाळा इंग्रजांनी मिशनऱ्यांवर सोडलेल्या, तिथे गॉर्डन कॉलेजसारखं काही नाही, सरकारी कामकाजात अरबी आलेली. मग निकष लावताक्षणीच निकाल ठरलेला होता. ज्या माणसाने १९३१ साली पगाराच्या आकड्यावरून मुलं कशी पेटतात ते कॉलेजातच पाहिलं, त्याला हा आकडा बघून धोका कळायला हवा होता.

जुलै १९५५ मध्ये न्झारा इथल्या कापूस-कापड योजनेतून सुमारे ३०० दक्षिणी कामगार काढले आणि गोळीबार झाला. त्याच सुमारास अझहरींच्या नावाने एक तार दक्षिणेत फिरली, दक्षिणेतल्यांना दडपून टाका अशा आशयाची. ती बनावट होती, पण लोकांना खरी वाटली, कारण आजूबाजूला दिसत होतं ते तसंच होतं. १८ ऑगस्टला तोरितमध्ये दक्षिणी शिपायांच्या इक्वेटोरिया कोअरच्या तुकडीला उत्तरेत जायचा हुकूम मिळाला आणि तिने बंड केलं. चौकशी समितीने मृतांचा आकडा दिला ३३६ : २६१ उत्तरेकडचे, ७५ दक्षिणेतले. दोन दिवस आधीच खार्टूममध्ये सैन्य बाहेर काढायचा ठराव झाला होता, या दोन तारखा शेजारी ठेवा.

फतेगंज मास्तरांनी सांगितलेला चौथा ठराव, संघराज्याचा, त्यावर भरवसा ठेवून दक्षिणेच्या सदस्यांनी स्वातंत्र्याला मत दिलं. शब्दरचना 'योग्य विचार केला जाईल' एवढीच होती. विचार झाला, मागणी फेटाळली गेली. तेव्हा अझहरी पंतप्रधान नव्हते हे खरं, पण ठराव त्यांचाच होता.

उतरणीचा काळ फार लांबवू नका. जून १९५६ मध्ये मीरघनींच्या माणसांनी वेगळा पक्ष काढला, जुलैत उम्माचे अब्दल्ला खलील पंतप्रधान झाले. नोव्हेंबर १९५८ मध्ये जनरल अब्बूद यांनी सत्ता घेतली. १९६१ मध्ये अझहरींना इतर नेत्यांबरोबर जुबाला नेऊन स्थानबद्ध केलं, म्हणजे त्याच दक्षिणेत. ऑक्टोबर १९६४ च्या लोकउठावानंतर परतले. एक गोष्ट मात्र गाळू नका. राष्ट्रप्रमुख परिषदेचं अध्यक्षपद पाच जणांत महिन्या-महिन्याने फिरायचं. १९६५ मध्ये घटनेत बदल करून ते अझहरींना कायमचं दिलं गेलं. त्याच वर्षी कम्युनिस्ट सदस्यांना संसदेतून काढलं, आणि त्यात अझहरींचा पक्ष आघाडीवर होता. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं तरी मानलं नाही. सभेचे नियम शिकवणाऱ्या माणसाच्या चरित्रात हे बोचतं. बोचू द्या.

रावपुरा_वाचक

ताई, मास्तर, सुरसागर, मनापासून आभार. दक्षिणेला पाच नाही, सहा मिनिटं देतो. भारताशी सुकुमार सेन यांच्या पलीकडे काही दुवा आहे का? आणि नकाशा कुठला लावू? शेवट कसा झाला हेही कोणी सांगावं.

कमाटीबाग_नकाशे

नकाशा २०११ च्या आधीचा घ्या. ९ जुलै २०११ ला दक्षिण सुदान वेगळा झाला, त्यामुळे नव्या नकाशावर तोरित आणि जुबा दुसऱ्याच देशात दिसतात आणि ताईंनी सांगितलेलं सगळं परदेशात घडल्यासारखं वाटतं. छापील नकाशा मिळाला नाही तर खडूने इंग्रजी वाय काढा, उलटा. खालचे दोन पाय : पूर्वेकडून येणारी निळी नाईल, दक्षिणेकडून येणारी पांढरी. संगमाच्या काखेत खार्टूम, पश्चिम काठावर ओमदुरमान, आणि वर जाणारी दांडी इजिप्तकडे. दांडीवर थोडं वर अत्बरा, जिथे रेल्वेचं मुख्य ठाणं होतं आणि जिथे अझहरींनी काही काळ शिकवलं. तोरित पार तळाला, युगांडाच्या सरहद्दीजवळ. खार्टूमहून हुकूम द्यायचा आणि तो तिथे पाळला जायचा, हे अंतर डोळ्यांनी दिसू द्या.

भारताचे दुवे भरपूर आहेत. महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १ लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार आले आणि ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला लागले. घुमटाची ती लाल दगडी इमारत म्हणजेच सुदान ब्लॉक. श्रोत्यांपैकी कोणी ना कोणी पुण्याला जाता-येता तिचा फोटो पाहिलेला असतोच. दुसरा दुवा गुजरातचा : ओमदुरमान, कसला, पोर्ट सुदान इथले भारतीय व्यापारी मुख्यतः सौराष्ट्रातून गेलेले. तिसरा बांडुंग. एप्रिल १९५५ च्या तिथल्या आशियाई-आफ्रिकी परिषदेला सुदान स्वतंत्र नसतानाही अझहरी शिष्टमंडळ घेऊन गेले, जाताना दिल्लीत थांबून. देशाला तोवर झेंडाच नव्हता. पांढऱ्या कापडावर लाल अक्षरांत 'सुदान' लिहून तो २८ देशांच्या झेंड्यांबरोबर लावला. मास्तरांनी सांगितलेल्या १ जानेवारीच्या प्रसंगाआधी हा पांढरा झेंडा सांगितलात तर तिरंगी झेंड्याचं मोल कळेल.

उच्चारांचं. 'अझहरी'तला झ 'माझा'तला, 'झेंडा'तला नाही. 'अशिग्गा' लिहिताना अरबीत 'क'सारखं अक्षर आहे, पण सुदानी माणूस तिथे 'ग' म्हणतो, म्हणून पुस्तकांत 'अशिक्का' आणि 'अशिग्गा' दोन्ही सापडतात. पक्ष एकच. 'उम्मा'त म वर जोर. 'खत्मिया'तला ख घशातून. 'महजूब' आणि 'महदी' यांची गल्लत करू नका, पहिले राजकारणी आणि कवी, दुसरं घराणं.

शेवट असा. २५ मे १९६९ ला कर्नल निमेरी यांनी सत्ता बळकावली आणि अझहरींना अटक झाली. तीनच महिन्यांत, २६ ऑगस्ट १९६९ ला, अटकेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. चढवलेला झेंडा १९७० मध्ये बदलला. आताचा लाल, पांढरा, काळा आणि हिरवा त्रिकोण हा त्यानंतरचा. पडद्यावर झेंडा दाखवणार असाल तर निळा-पिवळा-हिरवाच शोधून घ्या, इंटरनेटवर 'सुदान' टाकलं की नवाच पुढे येतो.